काढ्याच्या नावाने व्हिस्की

आगमनकाळाचा पहिला रविवार उलटला आणि आमच्या धर्मग्रामाच्या युवक मंडळाने नाताळच्या कार्यक्रमाची यादी आमच्यापुढे ठेवली. गव्हाणीची सजावट, कॅरल गायन, लहान मुलांना भेटवस्तू, मध्यरात्रीच्या मिस्सानंतर सभागृहात केक आणि चहा; सारे काही दरवर्षीप्रमाणेच होते. शेवटच्या ओळीत मात्र ‘चहा’ हा शब्द खोडून त्या जागी ‘गरम काढा, फक्त मोठ्यांसाठी’ असे लिहिलेले आढळले. काढा कसला, असे आम्ही सहज विचारले. मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. अखेर एक युवक पुढे झाला. गोव्याच्या एका हॉटेलात तीन वर्षे नोकरी करून तो नुकताच परतला आहे आणि सध्या शिर्डीतील एका लॉजच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून आमच्या हाती दिला.

कागदावरची कृती येथे द्यावी की नाही, याचा आम्ही दोन दिवस विचार केला. न देता टीका करणे हे भ्याडपणाचे ठरेल, म्हणून देतो. एका पेल्यासाठी दीड कप पाणी घ्यावे. त्यात दालचिनीचा बोटभर तुकडा, चार लवंगा, दोन वेलदोडे आणि ठेचलेले आले घालून पाणी एक कपभर उरेपर्यंत मंद आचेवर उकळावे. संत्र्याच्या सालीची पातळ चकती काढावी, आतला पांढरा भाग येऊ देऊ नये, कारण त्याने कडवटपणा येतो. ही साल शेवटच्या दोन मिनिटांत टाकावी. पातेले उतरवून गाळल्यावर चमचाभर मध आणि अर्ध्या लिंबाचा रस घालावा. व्हिस्की सर्वांत शेवटी, साठ मिलिलिटर, आणि ती कधीही विस्तवावर नाही. कारण मद्यार्क ७८ अंशांच्या आसपासच उकळू लागतो आणि उकळत्या पाण्यात त्याचा गंध आधी उडून जातो. वर लवंगा टोचलेली लिंबाची चकती तरंगत ठेवावी. आयर्लंडमध्ये तसे करतात, अशी टीपही त्याने खाली लिहिली होती.

कृती उत्तम आहे. तीत एकही चूक नाही आणि ती लिहिणारा आपल्या कामात कसबी आहे, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. तरीही आम्ही ती ओळ खोडली.

त्यानंतर आठवडाभरात आमच्याकडे एक चार पानी पत्र आले. लिहिणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत, बहुश्रुत आहेत आणि धर्मग्रामाच्या कामात त्यांनी आयुष्य वेचले आहे. पत्राची भाषा सभ्य होती. परंतु आशय असा की, धर्मगुरूंनी बाहेरच्या सोवळ्या लोकांच्या भीतीने आपल्याच माणसांचा निरुपद्रवी आनंद हिरावून घेतला आहे. या पत्राच्या प्रती आमच्या हाती येण्यापूर्वीच चार घरांत पोहोचल्या होत्या. तेव्हा उत्तरही खाजगीत देण्यात अर्थ नाही.

त्यांचा पहिला मुद्दा औषधाचा. डिसेंबरअखेर गोदावरी-प्रवरेच्या या पट्ट्यात पहाटेचा पारा दहा अंशांखाली उतरतो. म्हाताऱ्या माणसांना मध्यरात्रीच्या मिस्साला येणे जड जाते. अशा वेळी व्हिस्कीचे चार घोट अंगात ऊब आणतात, असे ते म्हणतात. ऊब वाटते हे खरे. ऊब येते हे खरे नाही. मद्यार्काने त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराच्या गाभ्यातले ऊन रक्त त्वचेपर्यंत येते, गाल लाल होतात आणि आपण तापलो असे माणसाला वाटते. प्रत्यक्षात तीच उष्णता त्वचेवाटे थंड हवेत निघून जात असते आणि गाभा थंड होत असतो. घराचे दार उघडून शेकोटीची ऊब अंगणात सोडावी आणि अंगण कोमट झाले म्हणून घर तापले असे म्हणावे, तसा हा प्रकार आहे. सत्तरीच्या आजोबांना असा पेला पाजून त्यांना उघड्या पटांगणातून घरी धाडणे, हे औषध खासच नव्हे.

त्या पेल्यातील गुण कोणाचे, हेही पाहावे. घशाला आराम पडतो तो मधाने आणि गरम वाफेने. चोंदलेले नाक मोकळे होते ते आल्याने आणि पुन्हा वाफेनेच. तोंडाला चव येते ती लिंबाने, संत्र्याच्या सालीतील सुगंधी तेलाने, लवंगेने. हे सारे दागिने घालून नटलेल्या वधूच्या शेजारी व्हिस्की ही मुकाट्याने उभी राहते आणि सत्कार मात्र स्वतःचा करून घेते! उलट सर्दीच्या दिवसांत आमच्या घरोघरी पॅरासिटामॉलची गोळी आणि झोप आणणारी खोकल्याची पातळ औषधे चालू असतात, त्यांच्यावर मद्य घेणे यकृताला व मेंदूला किती भोवते, हे कोणत्याही डॉक्टरला विचारावे. आपल्याकडे तान्ह्या मुलाच्या छातीला ब्रँडी चोळण्याची आणि चमचाभर पाजण्याचीही रीत होती; अजूनही काही घरांत ती आहे. त्या आयांना दोष देण्याची आमची इच्छा नाही, त्यांना तसे सांगितले गेले. परंतु ज्यांना वाचता येते त्यांनी तरी हे पुढे चालवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोगकारक ठरविले आणि मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही, असे त्या संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले.

‘औषध’ हा शब्द या प्रांती मद्याला केव्हापासून चिकटला, हा इतिहास मोठा गंमतीचा आहे. मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा १९४९ साली झाला. तोच कायदा आज महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जातो आणि कागदोपत्री अजूनही जिवंत आहे. त्या कायद्याखाली सामान्य नागरिकाला मद्य बाळगण्या-पिण्याचा परवाना मिळू लागला तो कशासाठी? तर प्रकृतीच्या रक्षणासाठी! म्हणजे मद्य हवे असेल तर आधी आजारी असल्याचे सांगावे लागे. धडधाकट माणसांनी परवान्यासाठी प्रकृतीची कारणे पुढे केली, त्यावर शिक्के बसले आणि दोन पिढ्यांनी असा धडा गिरवला की खोटे बोलून घेतलेला घोट कायदेशीर असतो. याच कायद्याने आपल्या मिस्साच्या द्राक्षारसासाठी वेगळी सोय ठेवली आहे. तेथे आपल्याला खोटे बोलावे लागले नाही. जाता जाता हेही सांगून टाकतो की आपल्या राज्यात व्हिस्कीसारखे कडक मद्य घेण्यासाठी वयाची पंचवीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात. आमच्या युवक मंडळातील निम्म्याहून अधिक सभासद त्या ‘मोठ्यांसाठी’च्या यादीत बसत नाहीत.

दुसरा मुद्दा पवित्र शास्त्राचा. गुरुजींनी काना गावचे लग्न पुढे केले आहे आणि पौलाने तिमथ्याला दिलेला सल्लाही. या दोन्हींपासून पळ काढण्याचे आम्हाला कारण नाही. कानाला पाण्याचे सहा दगडी रांजण होते आणि त्यांचा द्राक्षारस झाला. आमच्या प्रभूने लग्नघरी कोणाचा हिरमोड होऊ दिला नाही. ज्यांना यात द्राक्षारस नव्हे तर सरबत दिसते, अशा काही बांधवांशी आमचे पटत नाही. ख्रिस्तसभेने द्राक्षवेलाच्या फळाला कधी पाप म्हटले नाही. उलट मिस्सासाठी वापरायचा द्राक्षारस नैसर्गिक, द्राक्षांचाच आणि न बिघडलेला असावा, असे धर्मसंहितेचे ९२४ वे कलम बजावते. पण तिमथ्याचे काय? तो केवळ पाणी पीत असे आणि पोटाच्या दुखण्याने सारखा हैराण होई. त्या एका माणसाला, त्याच्या त्या दुखण्यापुरता, थोडासा द्राक्षारस घेण्याचा सल्ला पौलाने दिला. ‘थोडासा’ हा शब्द आमचा नव्हे, प्रेषिताचा आहे. आणि तो द्राक्षारस आंबवलेला होता, ऊर्ध्वपातित नव्हता. आंबवलेल्या रसातून मद्यार्क वेगळा काढण्याची विद्या युरोपात आली ती त्यानंतर हजारेक वर्षांनी. पौलाने व्हिस्की कधी पाहिलीच नाही, तेव्हा तिच्या खटल्यात त्याला साक्षीदार म्हणून उभे करणे बरे नव्हे.

येथे गुरुजींना एक साक्षीदार आम्हीच देतो. त्यांच्या पत्रात तो राहून गेला आहे. स्कॉटलंडच्या राजाच्या हिशेबवहीत १४९४ सालची एक नोंद आहे. तीत जॉन कॉर नावाच्या एका मठवासी बंधूला ‘जीवनजल’ काढण्यासाठी माल्ट दिल्याचे लिहिलेले आहे. स्कॉच व्हिस्कीचा हा सर्वांत जुना लेखी पुरावा मानला जातो. म्हणजे ही गोष्ट आमच्याच मंडळींच्या हातून वाढली, हे आम्ही लपवीत नाही. परंतु दुसरीही बाजू आमच्याच मंडळींची आहे. ज्या आयर्लंडमधून ही लवंगा टोचलेली चकती आली, त्याच आयर्लंडमध्ये कॉर्क शहरात फादर थिओबाल्ड मॅथ्यू या कापुचिन धर्मगुरूंनी १८३८ पासून खेड्यापाड्यांत हिंडून लक्षावधी लोकांना दारू सोडण्याची शपथ दिली. डब्लिनमध्ये फादर जेम्स कलन या येशूसंघीय धर्मगुरूंनी १८९८ साली संपूर्ण मद्यत्यागाची संघटना उभारली. मॅट टॅलबट हा डब्लिनचा मजूर वयाच्या बाराव्या वर्षापासून पीत होता. अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने शपथ घेतली आणि १९२५ साली रस्त्यावर मिस्साला जाताना कोसळून मरेपर्यंत ती पाळली. ख्रिस्तसभेने त्याला १९७५ साली ‘आदरणीय’ म्हणून गौरविले. आयर्लंडकडून घ्यायचेच तर केवळ चकतीच का घ्यावी?

तिसरा मुद्दा आम्हाला खरोखर लागला. गुरुजी लिहितात, हा पेला म्हणजे आपल्या कॅथोलिक संस्कृतीचा भाग आहे. कोणत्या कॅथोलिकांच्या? नगर जिल्ह्यातील आमची कुटुंबे कोणत्या घरांतून आली, त्यांचे आजे-पणजे कोणाच्या उसात राबले, येशूसंघीय मिशनऱ्यांनी त्यांच्यासाठी शाळा का काढल्या, हे गुरुजींना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. त्या आजा-पणजांच्या घरी संत्र्याची साल तरंगत नव्हती. हिंदी चित्रपटांनी मात्र हातात बाटली आणि गळ्यात क्रूस असा एक ख्रिस्ती माणूस पिढ्यान्‌पिढ्या रंगविला, आणि आता आपण तोच आरसा समजून त्यापुढे उभे राहून भांग पाडू लागलो आहोत. मुळात हा पेला ज्या नावाने जगभर ओळखला जातो, ते ‘टॉडी’ हे नाव आपल्या ताडीवरून गेलेले आहे. साहेब ताडाच्या झाडाखाली बसला, शब्द घेऊन मायदेशी गेला, तेथे त्याने तो गरम व्हिस्कीला लावला, आणि आज आपण तो संस्कृती म्हणून पाहुण्यासारखा परत आणतो आहोत! ज्यांच्याकडून शब्द गेला त्या गोरगरिबांच्या ताडी-मोहावर मात्र १८७८ च्या अबकारी कायद्याने कर बसला.

शिवाय त्या साठ मिलिलिटरमध्ये असते तरी काय? स्कॉटलंड-आयर्लंडची व्हिस्की धान्यापासून होते आणि कायद्यानेच तिला किमान तीन वर्षे लाकडी पिंपात मुरावे लागते. आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक व्हिस्कीचा आधार साखर कारखान्यातील मळी असते. मळीचा मद्यार्क काढून त्यात थोडा माल्ट, रंग आणि वास घातला की बाटलीवर व्हिस्की असे छापता येते; युरोपीय संघात त्या बाटलीला ते नाव लावता येत नाही. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभा राहिला. त्याच्याही आधी हरेगाव आणि टिळकनगर येथे खाजगी कारखान्यांची धुराडी पेटली होती. या जिल्ह्याचे दारिद्र्य उसाने हटविले, हे खरेच आहे. त्याच उसाच्या मळीतून ती बाटली येते आणि ऊसतोडणी करणाऱ्याच्या कोपीपर्यंत पोहोचते. तेथे तिच्यावर संत्र्याची साल नसते. पिणाऱ्याच्या पोरांची भाकरी तेवढी कमी होते. गुरुजींचा पेला आणि त्या तोडणी कामगाराची क्वार्टर यांत फरक आहे तो मधाचा. (४२.८ टक्के मद्यार्काच्या साठ मिलिलिटर व्हिस्कीत शुद्ध मद्यार्क सुमारे वीस ग्रॅम भरतो. ज्यांना हिशेब आवडतो त्यांच्यासाठी हे लिहिले.)

शिर्डीकडे पाहा. साईबाबांच्या दर्शनाला नाताळच्या सुट्टीत देशभरातून लोक लोटतात. पहाटेच्या काकड आरतीसाठी कानटोप्या घातलेली माणसे, कडेवर झोपलेली मुले घेऊन अंधारात रांगेत उभी असतात. आमच्या धर्मग्रामातील कित्येक मुले त्याच वेळी लॉजमध्ये बादलीभर गरम पाणी पोहोचवीत असतात, रिक्षा चालवीत असतात. त्या गर्दीला थंडी वाजत नाही काय? ती गर्दी आले-गवती चहाचा कप दोन्ही तळहातांत धरून ऊब घेते. त्या भाविकांच्या श्रद्धेशी आमचा धर्मसिद्धांत जुळत नाही; पण थंडी तर तीच आहे. बाहेरच्या सोवळ्या लोकांना आम्ही भितो, असे गुरुजी म्हणतात. भीत नाही, त्यांच्या टपरीवरचा चहा मात्र आम्हाला आवडतो.

आता जे लिहायचे टाळीत होतो, ते लिहितो.

सहा वर्षांपूर्वी नाताळच्या दुसऱ्या दिवशी आम्ही एका पंचविशीतल्या युवकाचा दफनविधी केला. मध्यरात्रीच्या मिस्सानंतर तो मित्राच्या घरी गेला होता. तेथे असाच पेला मिळाला. एक घेतला, आग्रह झाला म्हणून दुसरा. दोन वाजण्याच्या सुमारास तो मोटारसायकलने नगर-मनमाड रस्त्याला लागला. गळिताचा हंगाम होता. उसाने लादलेला ट्रॅक्टर मागे दिवा नसलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभा होता. दिवा नव्हता हा दोष ट्रॅक्टरवाल्याचा, आणि तो मोठा आहे. पण मुलाने ब्रेक लावलाच नव्हता, असे पाहणारे सांगत. ज्या घरी तो गेला होता, तेथील माउली दफनभूमीच्या फाटकापाशी आमचा हात धरून पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, “फादर, दारू नव्हती हो ती. थंडीचं औषध दिलं होतं पोरांना.”

ती खोटे बोलत नव्हती. तिला तसेच वाटत होते. दारू म्हटले असते तर तिने त्या मुलाला रात्री घरीच झोपवून घेतले असते, निदान गाडीची किल्ली तरी काढून घेतली असती. औषध घेतलेल्या माणसाला कोण अडवतो?

आणि त्याच घरात, त्याच्या आदल्या नाताळला, तोच पेला आम्हीही घेतला होता. घसा बसला होता, तीन मिस्सा व्हायच्या होत्या, माउलीने प्रेमाने पुढे केला आणि आम्ही घेतला. घेऊन वर ‘काय छान काढा केला आहे’ असे सर्वांदेखत म्हणालो. पुण्यात धर्मगुरुपदाचे शिक्षण घेत असताना एका वृद्ध परदेशी फादरांनी ताप आलेल्या आम्हाला असाच एक पेला दिला होता. त्या आठवणीने आम्ही तेव्हा भारावलो होतो. शब्द आमच्या तोंडून गेला होता आणि धर्मगुरूच्या तोंडचा शब्द घरात राहतो. ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात मद्याच्या अतिरेकाविषयी आणि मद्यपान करून रस्त्यावर दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याविषयी स्पष्ट इशारा आहे. तो परिच्छेद आम्ही कित्येकदा प्रवचनात सांगितला होता. मात्र काढा म्हणून दिलेल्या गोष्टीला तो लागू पडतो, हे त्या रात्रीपर्यंत आमच्या ध्यानात आले नव्हते.

म्हणून गुरुजींना आमचे म्हणणे एवढेच की, ज्याला घ्यायची आहे त्याने आपल्या घरी, आपल्या वयाला व खिशाला शोभेल अशी, व्हिस्की म्हणूनच घ्यावी. तिला पाप म्हणायला आम्ही दारात येणार नाही. तिला काढा म्हणू नये, सर्दी झालेल्या सुनेला पाजू नये, आणि ख्रिस्तजन्माच्या रात्री, प्रसाद घेऊन बाहेर पडलेल्या पोरांच्या हातात देवळाच्या सभागृहात तर ठेवूच नये.

यादीतील ओळ आता अशी झाली आहे. दोनशे माणसांसाठी बत्तीस लिटर पाणी, एक किलो आले, शंभर ग्रॅम दालचिनी, पन्नास ग्रॅम लवंगा, गवती चहाच्या पाच जुड्या, अडीच किलो गूळ, वीस संत्र्यांच्या धुतलेल्या साली आणि श्रीगोंद्याकडची ऐंशी लिंबे. लिंबाचा रस पातेले उतरवल्यावरच घालायचा आणि पातेले स्टीलचे हवे. ॲल्युमिनियम आंबट सोसत नाही आणि कल्हई गेलेले पितळ तर मुळीच नको. मध परवडत नाही म्हणून गूळ. गोव्याहून आलेल्या त्या युवकाने ही मापे स्वतः बसवून दिली आहेत. पहिला घोट घेऊन तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला की आले जरा वाढवू या, म्हणजे घशाला चटका बसेल आणि लोकांना काही घेतल्यासारखे वाटेल. आले सव्वा किलो केले.

गुरुजींनी निरोप पाठविला आहे की ते मिस्साला येतील, काढाही घेतील, पण स्वतःचा थर्मास सोबत आणतील. थर्मासमध्ये काय आहे हे आम्ही विचारणार नाही. स्कूटरची किल्ली मात्र सभागृहाच्या दारात सुनेच्या हाती द्यावी, अशी अट घातली आहे. त्यावर अजून उत्तर आलेले नाही.